वैनगंगेकांठची ओसाड नगरी

मराठ्यांच्या इतिहासांत तोतयाचें प्रकरण प्रसिद्ध आहे. सन १७६१ मध्यें पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु भाऊ जिवंत असतील या आशेवर लोक इतके टेकले होते कीं, भाऊंचें नांव सांगणारा एक मनुष्य पुढें येतांच त्याच्या पाठीशीं किल्ले व फौज उभी राहिली, आणि सन १७७६ मध्यें त्यास देहान्त शासन होईपर्यंत पुणें दरबाराला स्वस्थता लाभली नाहीं. माणसांचे तोतये आतां फारसे उरले नाहींत. जागांचे तोतये मात्र हल्लीं रोज पडद्यावर पाहावयास मिळतात, आणि त्यांना शासन होत नाहीं, उलट बक्षिसें मिळतात. २००३ सालच्या 'गंगाजल' मधील बिहार म्हणजे आपली कृष्णाकांठची वाई. २०१० सालच्या 'दबंग' मधील उत्तर प्रदेशांतलें गांवही वाईच. त्या दोहोंच्या मध्यें, २००४ सालीं आलेल्या 'स्वदेस' मधील चरणपूर पाहून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांनीं वस्तुतः मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यालगतचा घाट पाहिला होता.

या व्यवहारांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. नाटकांतला राजा खरा राजा नसतो, तशी चित्रपटांतली जागा खरी जागा नसली म्हणून बिघडलें कोठें? परंतु ओसाड शहराचा तोतया शोधणें हें त्यांत निराळेंच काम आहे. चालतें-बोलतें गांव दाखवावयाचें तर चार बैलगाड्या, एक पाटी व बोलण्यांत थोडासा हेल, एवढ्यावर भागतें. जेथें माणूस नाहीं असें नगर दाखवावयाचें, म्हणजे शंभर माणसें, दिवे, तंबू व जेवणाच्या पंगती घेऊन तेथें जावयाचें आणि पुन्हां तेथें कोणीच नाहीं असें भासवावयाचें! भिंती पडलेल्या हव्यात, पण नटाच्या अंगावर पडणाऱ्या नकोत. रान माजलेलें हवें, पण यंत्र नेण्यापुरती वाट हवी. विजेचा खांब तर क्षितिजापर्यंत कोठेंही दिसतां कामा नये. त्यांतून जे अवशेष खरोखर जुने, ते बहुधा १९५८ च्या पुराणवस्तु-कायद्याच्या छत्राखालीं. तेथें परवान्यावांचून चित्रण नाहीं, मग खिळा ठोकण्याची गोष्टच दूर. वसईचा किल्ला इतक्या चित्रपटांतून व गाण्यांतून दिसतो, त्याचें कारण हेंच कीं सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं वसविलेलें आणि सन १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं घेतलेलें तें एक पुरें शहर आहे, त्याचीं छप्परें उडालीं आहेत, भिंती उभ्या आहेत, आणि मुंबई जवळ आहे.

आज आम्हांस जिच्याविषयीं लिहावयाचें आहे, ती ओसाड नगरी मात्र मुंबईपासून फार दूरची. ती वैनगंगेच्या कांठची आहे, असें निदान पुस्तकांत म्हटलें आहे.

तें पुस्तक म्हणजे रुडयार्ड किपलिंग याचें १८९४ सालीं निघालेलें 'जंगल बुक' आणि त्याच्या मागोमाग १८९५ सालीं आलेला त्याचा दुसरा भाग. लांडग्यांनीं वाढविलेल्या मोगलीची गोष्ट आतां कोणास सांगावयास नको. १९९० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर लागणाऱ्या जपानी चित्रमालिकेमुळें तर ती खेड्यापाड्यांतल्या मुलांनाही पाठ झाली. परंतु भंडारा जिल्ह्यांतल्या मुलांस कोणीं हें सांगितलें नसावें कीं, मोगली ज्या नदीचें पाणी पितो ती त्यांच्याच शेतावरून वाहणारी नदी आहे. किपलिंगनें नदीचें नांव स्पष्ट दिलें आहे, डोंगर शिवनीचे म्हटले आहेत, आणि कान्हीवाडा या शिवनीकडील खऱ्या गांवाचाही उल्लेख केला आहे. वैनगंगा शिवनी जिल्ह्यांत मुंडारा येथें उगम पावून, मोठा वळसा घेऊन बालाघाटांतून खालीं येते, भंडारा जिल्ह्याच्या मधून जाते आणि पुढें वर्धेस मिळून प्राणहिता होते. वरच्या अंगास ती मोगलीची, खालच्या अंगास ती धानाच्या बांध्यांची; नदी एकच.

याच रानांत किपलिंगनें एक टाकून दिलेलें शहर ठेविलें आहे. माकडें मोगलीस पळवून तेथें नेतात, आणि दुसऱ्या भागांत त्याच शहराच्या तळघरांत एक पांढरा नाग राजाचें द्रव्य राखीत बसलेला असतो. टेकडीवर राजवाडा, त्याचे संगमरवरी चौक भंगलेले. हत्तींच्या अंगणांतले दगड गवतानें उचकटलेले. छप्परें नसलेल्या घरांच्या रांगा. चव्हाट्यावर एक बेढब दगड, जो पूर्वीं मूर्ति असावा. विहिरींच्या जागीं खळगे. देवळांच्या घुमटांतून फुटलेले उंबर. वर्णन फार सुंदर आहे. आम्हीं लहानपणीं तें वाचिलें तेव्हां हें शहर आपल्या नदीवर कोठें असेल, याचा शोध नकाशांत घेतल्याचें स्मरतें. संगमरवर हा शब्द तेव्हांच आमच्या लक्षांत यावयास हवा होता. झाडीपट्टींत संगमरवराचे चौक कोणीं बांधिले?

उत्तर असें आहे कीं, कोणीही बांधिले नाहींत. ते राजपुतान्यांतून आणलेले आहेत. किपलिंगनें शिवनीचें रान डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. त्याची हिंदुस्थानांतली नोकरी लाहोर व अलाहाबाद येथील वृत्तपत्रांत झाली, आणि मोगलीच्या गोष्टी त्यानें हा देश सोडल्यावर अमेरिकेंत व्हरमाँट येथें बसून लिहिल्या. सातपुड्याच्या रानाचें ज्ञान त्यास पुस्तकी, आणि त्यांतलें मुख्य पुस्तक रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल याचें १८७७ सालचें शिवनीच्या शिकारी-मुक्कामांवरचें. उलट राजपुताना त्यानें १८८७ च्या हिवाळ्यांत स्वतः हिंडून पाहिला होता. अंबर, उदेपूर, चितोड, जोधपूर येथें तो गेला आणि त्या प्रवासाचीं पत्रें त्यानें अलाहाबादच्या 'पायोनियर' मध्यें छापिलीं. सन १७२७ मध्यें जयपूर वसल्यावर मागें पडलेलें अंबर आणि सन १५६८ च्या वेढ्यानंतर उजाड झालेला चितोड, हीं दोन सोडलेलीं नगरें त्याच्या मनांत घर करून राहिलीं. चितोडच्या कड्याखालीं गोमुखाच्या कुंडापाशीं त्यास जी भीति वाटली, तिचें त्यानें केलेलें वर्णन आणि मोगलीच्या ओसाड नगरींतली भीति एकाच जातीची आहे. गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यांत तर त्यानें मोगलीस अरवलीच्या डोंगरांतच ठेविलें होतें. शिवनी मागाहून आली. ज्यास या बदलाची खूण पाहावयाची असेल त्यानें बघीराची जन्मकथा पाहावी. तो काळा चित्ता उदेपूरच्या राजाच्या पिंजऱ्यांत जन्मलेला! रान हाललें, पण हें बिऱ्हाडाचें सामान मागें राहून गेलें.

तेव्हां तोतया पहिल्यानें चित्रपटवाल्यांनीं उभा केला, असें म्हणतां येत नाहीं. तो ग्रंथकारानेंच केला. साग-सालाचें दाट रान व वाघ त्यास सातपुड्यांत सांपडले, पडके राजवाडे अरवलींत सांपडले, आणि त्यानें एकाचें धड दुसऱ्याच्या नांवावर चढविलें. कथाकारास हा अधिकार आहे. आम्ही तो नाकारीत नाहीं. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, वैनगंगेच्या खोऱ्यांत ओसाड नगरी कशी असते हा प्रश्न त्यास पडला नाहीं, आणि पुढें त्याच्या आधारावर चित्रें काढणाऱ्या कोणासही पडला नाहीं.

त्या चित्रांची हकीकतही मौजेची आहे. १९४२ सालीं झोल्टन कोर्डा या दिग्दर्शकाचें रंगीत 'जंगल बुक' निघालें. निर्माता त्याचा भाऊ अलेक्झांडर. मोगली झाला होता म्हैसूरकडील एका माहुताचा मुलगा साबू. युद्धामुळें इंग्लंडांत काम चालवणें अशक्य, हिंदुस्थानांत येणें त्याहून अशक्य. म्हणून वैनगंगेचें रान कॅलिफोर्नियांत उभें राहिलें, आणि तिसरा भाऊ व्हिन्सेंट यानें ओसाड नगरी बांधिली. साबू तेवढा अस्सल, बाकी सर्व उसनें. तरीही या चित्रांत एक गोष्ट इतरांहून चांगली साधली आहे, ती ही कीं तेथें नगरीच्या द्रव्याचा लोभ गांवच्या माणसांस धरून फिरतो. नगरी व गांव यांचा संबंध तुटत नाहीं.

पुढें १९६७ सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या मंडळींनीं रेखाचित्रांचा बोलपट काढिला. त्यांत माकडांस एक राजा दिला आणि तो केला ओरंगउटान! हा वानर सुमात्रा-बोर्निओचा. हिंदुस्थानच्या रानांत तो नाहीं. शिवाय किपलिंगच्या माकडांस राजा नाहींच, नायक नसणें हीच त्यांची ओळख; म्हणजे कथेचा मुद्दाच उलटा झाला. २०१६ च्या चित्रांत ही प्राणिशास्त्राची चूक सुधारण्यासाठीं त्या राजास लक्षावधि वर्षांपूर्वीं नष्ट झालेल्या एका महाकाय वानराचें रूप दिलें. वानराच्या ठावठिकाण्याविषयीं एवढी दक्षता घेणाऱ्यांनीं नगरीच्या ठावठिकाण्याविषयीं एक अक्षर विचारलें नाहीं, याचें आम्हांस हसूं येतें. तें सबंध चित्र लॉस एंजेलिस शहरांत एका बंद जागेंत झालें. एक मुलगा खरा, बाकी रान, पशु, नदी, नगरी हें सर्व गणकयंत्रानें रंगविलेलें. २०१८ सालच्या दुसऱ्या एका 'मोगली' चें चित्रण इंग्लंडांत व दक्षिण आफ्रिकेंत झालें.

सर्वांत गंमत १९९४ च्या चित्राची. किपलिंगचें नांव मथळ्यांतच घातलेलें हें चित्र कांहींसें अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना व टेनेसी या संस्थानांत आणि कांहींसें जोधपुरास घेतलें. जोधपूर! किपलिंगनें १८८७ मध्यें पाहिलेल्या गांवांपैकीं तें एक. शंभर वर्षें तोतयाच्या मागें हिंडतां हिंडतां मंडळी न कळत मूळ पुरुषाच्या वाड्यांत जाऊन बसली होती.

असो. आतां वैनगंगेकडे वळूं.

या खोऱ्यांत सोडलेलीं नगरें नाहींत काय? नागपुराहून शिवनीस जाणारा जो रस्ता, म्हणजे मोगलीच्या रानास जाण्याचा सरळ मार्ग, त्यावरच रामटेकाशेजारीं मनसर आहे. तेथील टेकाडांतून वाकाटकांच्या काळच्या विटांच्या प्रचंड वास्तु निघाल्या आहेत. जवळच नगरधन, म्हणजे वाकाटकांचें नंदिवर्धन. पेंचच्या अरण्यांत वाघ व 'मोगलीचा देश' पाहावयास जाणाऱ्या गाड्या मनसरवरून दिवसभर धांवत असतात. त्यांतल्या किती थांबतात, हें आम्ही त्या रस्त्यावर चहा घेत असतां मोजूं लागलों आणि लवकरच मोजणें सोडून दिलें. परंतु नदीच्याच कांठीं असलेलें नगर म्हणजे भंडारा जिल्ह्यांतील पवनी, आणि तिच्याविषयीं थोडें सविस्तर लिहिणें प्राप्त आहे.

पवनीस तीन बाजूंनीं मातीचा जुना तट व खंदक आणि चौथ्या बाजूस वैनगंगा. लोक तिला पवन राजाची नगरी म्हणतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं येथील दोन लेख वाचून प्रसिद्ध केले. एकांत भार कुळांतल्या भगदत्त राजाचें नांव आहे, दुसऱ्या लेखाच्या स्तंभावर महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचें. पुढें १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व विभाग यांनीं मिळून येथें उत्खनन केलें, शां. भा. देव व ज. प. जोशी यांनीं त्याचा वृत्तान्त लिहिला. जगन्नाथ टेकडी म्हणून जी टेकडी गांवकरी देवळासाठीं चढत होते, तिच्या पोटांतून सांचीच्या मोठ्या स्तूपाशीं तुलना व्हावी एवढा बौद्ध स्तूप निघाला. ख्रिस्तपूर्व शतकांतले ब्राह्मी लेख असलेले कठड्याचे खांब निघाले, दान देणाऱ्या स्त्रीपुरुषांचीं नांवें निघालीं. एका खांबावर बुद्धाच्या आसनावर फणा धरणारा मुचलिंद नाग कोरलेला होता. किपलिंगनें आपल्या तळघरांत नाग बसविला तो कल्पनेनें. पवनीच्या मातींत नाग होता, पण तो द्रव्य राखीत नव्हता, पावसांत बसलेल्या एका ध्यानस्थावर छत्र धरीत होता. १९९४ मध्यें पुरातत्त्व विभागानें पुन्हां खोदकाम केलें. त्याच सालीं जोधपुरास नगरी उभी राहत होती.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही पवनीस गेलों तो धानाच्या मळणीचा हंगाम होता. तटावर शेळ्या चरत होत्या, खालीं खंदकाच्या अंगानें घरें, आणि पलीकडे नदी. एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं सहज विचारिलें कीं, येथें कधीं सिनेमाचे लोक आले होते काय? ते हसून म्हणाले, "अठी का आहे जी पाहाले, मातीच त आहे!"

त्यांच्या या उत्तरांत सर्व उलगडा आहे. दगडाचें नगर मोडलें तर त्याचे अवशेष उभे राहतात आणि यंत्राच्या डोळ्यांस ते दिसतात. माती, वीट व लांकूड यांचें नगर मोडलें तर तें आडवें होतें, टेंकाड होतें, त्यावर गवत येतें, मग देऊळ येतें, मग वस्ती येते. पवनी पडद्यावर येण्याजोगी नाहीं, याचें दुसरें कारण याहून मोठें आहे. पवनी ओसाड झालीच नाहीं. एक काळचें मोठें नगर लहान झालें, धर्म बदलले, राजे गेले. पण माणूस त्या तटाच्या आंतून हलला नाहीं. विणकर माग चालवीत राहिले, घाटावर स्नानें होत राहिलीं. चित्रपटास नगरी हवी ती माणसांवांचून. माणसें असलेली जुनी नगरी म्हणजे त्याच्या मतें नुसतें गांव.

आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीची येथें आठवण होते. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत या भागांत रात्रभर नाटकें चालतात. एका रंगविलेल्या पडद्यावर राजवाडा, दुसऱ्यावर रान, तिसऱ्यावर स्मशान. तो पडदा पाहून प्रेक्षक फसत नाहीं, आणि फसला नाहीं म्हणून त्याचें रडें थांबत नाहीं. तोतया म्हणून उघड उघड उभा राहणारा हा एकच तोतया आम्हांस ठाऊक आहे.

तरी खरोखरच उजाड झालेल्या जागा या जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. विदर्भांत त्यांस रीठ म्हणतात. महसुलाच्या दप्तरांत गांवाच्या नांवापुढें 'रिठी' असें लिहिलेलें सांपडतें. अन्यत्र अशा गांवास बेचिराग म्हणतात, म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं तें. रोगराईनें, दुष्काळानें किंवा जमीनदारीच्या जाचानें गांव उठलें कीं मातीच्या भिंती दोन-चार पावसाळ्यांत विरघळून जातात. मागें उरतें काय? मालगुजारीच्या काळचा तलाव व त्याची पाळ, एक-दोन चिंचा, आंबराई आणि शेंदूर फासलेला दगड. किपलिंगच्या चव्हाट्यावरचा दगड विसरलेला आहे. रिठावरचा सहसा विसरलेला नसतो. शेजारच्या गांवांत जाऊन राहिलेल्यांचे नातू वर्षांतून एकदां तेथें नारळ फोडावयास येतात. परदेशी कथाकारास विसरलेला देव अधिक रम्य वाटला असेल. आम्हांस हा रोकडा देव अधिक खरा वाटतो.

आणि अगदीं अलीकडचीं रिठें पाण्याखालीं आहेत. पवनी तालुक्यांत गोसीखुर्द येथें वैनगंगेवर जें मोठें धरण झालें, त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं राजीव गांधी यांच्या हस्तें बसली. काम दशकेंच्या दशकें चाललें, पाणी टप्प्याटप्प्यानें चढत गेलें आणि भंडारा व नागपूर या जिल्ह्यांतलीं नदीकांठचीं गांवें उठलीं. धान पिकविणाऱ्या खालच्या मुलुखास पाण्याची गरज होती, हें आम्ही जाणतों. त्या गरजेची थट्टा करणारे आम्ही नव्हे. पण मोबदल्यासाठीं व पुनर्वसनासाठीं तेथल्या लोकांनीं किती वर्षें मोर्चे काढिले, हेंही या जिल्ह्यांत सर्वांस ठाऊक आहे. घर सोडतांना माणसें कवेलू, दारें, आढीं काढून नेतात. राहतात ते चौथरे. पाणी उतरलें कीं ते दिसतात, चढलें कीं बुडतात. ओसाड नगरी शोधीत जगभर हिंडणाऱ्यांस वैनगंगेकांठीं खरोखर ओसाड झालेलें कांहीं पाहावयाचें असतें तर तें हें होतें. तेथें घुमट नाहींत, संगमरवर नाहीं, आणि तेथून उठलेलीं माणसें चार कोसांवर जिवंत आहेत.

त्या माणसांच्या नव्या वसाहतींस जुन्याच गांवांचीं नांवें दिलेलीं असतात. सरळ रस्ते, एका मापाचे भूखंड, आणि पाटीवर जुनें नांव, पुढें 'पुनर्वसन' असा एक शब्द. अशाच एका वसाहतींत आम्हीं दुपारचें पाणी मागितलें तेव्हां घरच्या गृहस्थांनीं खुर्ची टाकून बसविलें, आमच्या हिंडण्याचें कारण विचारलें आणि मोगलीची सगळी हकीकत शांतपणें ऐकून घेतली. लॉस एंजेलिसांतल्या बंद जागेंत नदी केली होती, हें ऐकून त्यांनीं एवढेंच विचारलें कीं त्या नदीला पूर येत होता काय. मग आपल्या मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाली. लग्न या नव्या अंगणांतच झालें, सोय चांगली झाली. पण पहिली अक्षत त्यांनीं मोटारसायकलवरून पाण्याच्या कांठीं नेली आणि जेथें जुना मारुति होता त्या दिशेनें टाकिली. देऊळ नेमकें कोठें होतें, हें त्यांचा मोठा मुलगा आतां एका बुडालेल्या चिंचेच्या शेंड्यावरून ओळखतो. धाकट्यास तें सांगावें लागतें.